फाटकावर तुमचं नाव नाही

माय, आपल्या कॉलनीतल्या ओपन स्पेसला शेवटी फाटक बसलं. फाटकावर पाटीही लागली. त्या पाटीवर तुमचं नाव यायचं होतं, सगळ्यांच्या मनात ते ठरून गेलं होतं, आणि मी ते येऊ दिलं नाही. तुमच्या धाकट्या मुलानं, माझ्या दिरानं, तुमच्या फोटोपुढे उभं राहून हे सांगितलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून मीच लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसं या गल्लीत थोडीच उरलीत. त्यांना तुम्ही झाडावेलींची हौस असलेल्या, उपासतापास करणाऱ्या बाई म्हणून आठवता. मला वेगळ्या आठवता.

आधी तुमच्या बाजूचं लिहून टाकते. लग्न करून धुळ्याला आले तेव्हा मला माती कळत नव्हती. माझं माहेर भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिथं झाड म्हणजे रांगेच्या टोकाला एक कडुनिंब, तोही सरकारी. तुम्ही अमळनेरकडच्या खेड्यातल्या. शहरात घर बांधतानाही तुम्ही मागच्या बाजूला परस ठेवायला लावलंत, आणि त्या एवढ्याशा जागेत तुमचं सगळं गाव आणून बसवलंत. भरताच्या वांग्याचं रोप देठाला नाही, पानाला धरायचं, हे मला तुम्ही दाखवलंत. रोप लावताना माझ्याकडून मूळ मातीबाहेर राहिलं की म्हणायचात, “मूय उघडं पडू देऊ नको, त्याले लाज वाटस.” मला हसू यायचं. पावसाळ्याच्या तोंडाशी पेरायची वेळ आली की तुम्ही मातीला हळदकुंकू वाहून पहिली मूठ धरायचात, सवाष्णीची मूठ, आणि मग दुसरी मूठ माझी. वाफे मात्र तुमच्या मोठ्या मुलानं खणायचे. एसटीच्या वर्कशॉपमधून सुट्टी मिळाली की ते कुदळ घेऊन परसात उतरायचे. नखात ग्रीसचा काळा आणि त्यावर मातीचा काळा. म्हणायचे, “बसपेक्षा वाफा बरा. ब्रेक फेल होत नाही.” तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना ओरडताय, आता हात धू आणि जेवायला बस, आणि ते मुद्दाम आणखी एक वाफा ओढताहेत. हे मला अजून दिसतं.

ते गेले. बसच्या खाली काम करताना छातीत कळ आली आणि साथीदारांनी बाहेर ओढेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांनी शेवटचे खणलेले वाफे परसात तसेच पडून होते, ढेकळं फोडलेली, माती सारखी केलेली. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि माझ्या हातांना काही काम उरलं नाही. एका सकाळी मी डब्यातलं गिलक्याचं बी काढलं आणि त्यांच्या वाफ्यात टोचलं. त्यांना गिलक्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी लागायची, एवढंच माझ्या मनात होतं. मी हळदकुंकू वाहिलं नाही, मूठ धरली नाही, कुणाला विचारलंही नाही. बी उगवून दोन दोन पानांवर आलं तेव्हा तुम्हाला दिसलं. तुम्ही आत गेलात. मला वाटलं चहा ठेवायला गेलात. बाहेर आलात तेव्हा तुमच्या हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं, आणि पदरानं धरलेल्या त्या पातेल्यातलं पाणी तुम्ही वाफ्यात ओतलंत, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मातीतून वाफ आली. “मना सोनासारखा पोऱ्या गया, नि तू येल चढावस?” तुम्ही म्हणालात. “तुना हातनं पेरेल आते या घरमा चालाव नही.” विधवेच्या हातचं पेरलेलं आता चालणार नव्हतं. नाना, माझे सासरे, ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

पुढच्याच आठवड्यात गवंडी आला. खडी आली, सिमेंट आलं, आणि परसात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कोबा झाला. शेजाऱ्यांनी विचारलं तर तुम्ही सांगायचात, साप निघत होते. माय, साप कधीच निघाला नव्हता. तुमचा मुलगा गेला होता, हे मला कळत होतं. रात्रंदिवस तुमचं रडणं ऐकत मी त्याच घरात राहत होते. माझा कोण गेला, हे मात्र तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही पुष्कळ जगलात. मी तुमचं सगळं केलं, हे तुम्हाला माहीत आहे आणि गल्लीलाही माहीत आहे. त्या वर्षांत मी वाचायला लागले. शाळा चौथीत सुटली होती, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचता वाचता सवय लागली, मग वाचनालयाचं पुस्तक घरात आलं. तुम्ही म्हणायचात, “बालिष्टर व्हई ऱ्हायनी का?” पुस्तक मिटून मी भाकरी टाकायला उठायचे आणि तुमचं जेवण झालं की परत उघडायचे. मग नाना गेले आणि तुमचंही कपाळ माझ्यासारखं झालं. मला वाटलं, आता तरी तुम्ही काही बोलाल. संक्रांतीचं हळदकुंकू चालू होतं. गल्लीतल्या बायका नटून पुढच्या दारावरून जात होत्या आणि आपण दोघी मागच्या परसात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मग पाय आखडून घेत म्हणालात, “हाऊ कोबा भलता तापस.” मी म्हणाले, “तुम्हीच केलाय.” तुम्ही शेंगांची पाटी उचललीत आणि आत गेलात. आपल्या दोघींत त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. तुम्ही गेलात तोवर दुसरं झालं नाही.

आता ओपन स्पेसचं सांगते. तुमच्या वेळी तिथं गाजरगवत होतं आणि लग्नाच्या पंगती उठल्या की पत्रावळी. पुढेही तेच होतं. मग एक संस्था आली. गावोगाव, कॉलन्याकॉलन्यांत लोकांनी मिळून भाजीपाला लावावा, झाडं लावावीत, म्हणून काम करणारी माणसं. त्यांच्या एक बाई आठवड्याला स्कूटीवरून यायच्या. जळगावच्या, शेतकी शिकलेल्या, बोलायला बऱ्या. पण सुरुवात त्यांनी काय केली असेल? संक्रांतीचं हळदकुंकू ठेवलं आणि वाण म्हणून रोपं वाटली. बायका हमखास जमाव्यात म्हणून. मंदिराच्या भिंतीवर कागद लावला, ‘सर्व महिलांनी यावे’. त्या सर्वांत कोण कोण नसतं, ते आपल्याकडे कागदावर लिहावं लागत नाही.

मी माझ्या दारात आणि समोरची अक्का तिच्या ओट्यावर. अक्का तुम्हाला आठवत असेल, तिचंही कपाळ आता माझ्यासारखं, पण जीभ अजून तशीच आहे. बायका तुळस, कढीपत्ता, गवती चहा छातीशी धरून परत जात होत्या. अक्का रस्त्यापलीकडून ओरडली, “काय व, तुले उनं का बलावनं?”

“मला कुठून येणार?”

“माले बी नही. चाल, आपुन दोन्ही जनी चहा पिऊत.”

उन्हाळ्यात त्या बाई पाहणी करायला आल्या तेव्हा कॉलनीभर वाळलेल्या काड्या. धुळ्याच्या नळाला आठ आठ दिवस पाणी नाही, कढीपत्त्याला कोण देतो? एका घरात तर कुंडीत छत्री उभी करून ठेवली होती. बाई हिरमुसून माझ्या पायरीशी थांबल्या आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला आणि बोलूनही घेतलं. “ताई, ज्यांना रोपं दिलीत त्यांच्या घरात नवरा आहे, पोरं आहेत, सकाळचे डबे आहेत. दुपारभर ज्यांच्या हाताला काम नाही, त्यांच्या दारावरून तुम्ही पुढे गेलात.”

त्यांना आधी समजलं नाही. मग त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली आणि त्या पायरीवर बसल्याच. म्हणाल्या, “आम्ही सगळीकडे असंच करतो. बायका येतात म्हणून.”

“येतात ना. येतात आणि वाण घेऊन जातात.”

त्या रागावल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. पुढच्या खेपेला त्यांनी कागद लावला नाही. घराघराच्या पायरीवर बसून प्रत्येकीला एकच विचारायच्या, तुमच्या गावाला परसात काय होतं? आणि बायका बोलायला लागल्या, माय. ज्या कधी मान वर करत नव्हत्या त्या वाल कुठल्या कुडावर चढवायचो ते सांगायला लागल्या. अक्कानं तर त्यांना सासरच्या दुधी भोपळ्याची अख्खी वंशावळ ऐकवली. मग संस्थेनं ओपन स्पेस साफ करायला माणसं आणि अवजारं दिली, खत दिलं, बियाणं दिलं. बियाण्याची त्यांची रीत अशी, की मूठभर न्यायचं आणि हंगाम संपला की दोन मुठी परत आणायच्या, म्हणजे पुढच्या कॉलनीला देता येतं. कॉलनीचे अध्यक्ष भाऊ, माझ्या माहेरच्यांसारखे तेही भुसावळला रेल्वेत होते, त्यांनी मंदिराच्या बोअरचं पाणी मिळवून दिलं आणि रावेरहून केळीचे कंद आणले.

पेरायच्या दिवशी बायका वाफ्यांभोवती उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, “चला, सुरुवात कोण करतंय?” कुणी हलेना. मग एकीनं हळूच म्हटलंच, “पहिली मूठ सवाष्णीनं धरायची असते ना.” सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांना माझाच विचार आला. मग अक्का पुढे झाली. “बी ले काय डोया शेतस का वं, आपलं कपाय देखाले?” आणि मला म्हणाली, “टाक मूठ.”

मी गिलक्याचं बी उचललं. मला तुमचं पातेलं दिसत होतं. बी मातीत गेलं. त्यानंतर रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन वाफ्यापाशी उभी राहायचे. बी उगवलं नसतं आणि तुमचं बोलणं खरं ठरलं असतं तर या कॉलनीत परत कुठल्याच विधवेनं मातीला हात लावला नसता, आणि मीही लावला नसता. उगवलं, माय. सगळं उगवलं. शेजारच्या वाफ्यातला पालक कुजला, तो वाफा सवाष्णीचा होता. पाणी जास्त झालं म्हणून कुजला, कुंकू कमी पडलं म्हणून नव्हे. गिलकी इतकी लागली की वाटता वाटता लोक दार लावून घ्यायला लागले. लोकांना गिलकी देताना मी प्रत्येक वेळी मनात तुमचं नाव घेत होते. आशीर्वाद म्हणून नव्हे.

अशी दोन-तीन वर्षं गेली. आता तिथं वाल आहे, वांगी आहेत, केळी घडावर आल्यात, संध्याकाळी पाणी घालायच्या निमित्तानं अर्धी कॉलनी जमते. दुसऱ्या कॉलनीतल्या बायका बघायला येतात, तेव्हा संस्थेच्या बाई त्यांना थेट माझ्याकडे आणि अक्काकडे पाठवतात. गुरं शिरायला लागली म्हणून कुंपण आणि फाटक हवं होतं. ही बातमी तुमच्या धाकट्यांपर्यंत जळगावला गेली. ते गाडी घेऊन आले, पेढे घेऊन आले, आणि सगळ्यांपुढे म्हणाले, “फाटक आणि तारेचं कुंपण माझ्याकडून. फक्त आईचं नाव लावा. आईला झाडांचं वेड होतं.” त्यात खोटं काही नव्हतं. तुम्हाला झाडांचं वेड होतंच, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. झाडांतलं ज्याला काही कळत नाही त्यानं माझं रोप जाळलं असतं तर मी कदाचित विसरले असते.

भाऊ खूश झाले. मला म्हणाले, “वहिनी, तुमच्याच घराण्याचं नाव होतंय. तोंड गोड करा.”

मी पेढा घेतला नाही. म्हटलं, “नाव लावायच्या आधी आमच्या सासूबाईंची बाग बघून घ्या. घरातच आहे. चला.”

वैशाखातली सकाळ, ऊन चढलेलं. भाऊ, दीर, जाऊ, संस्थेच्या बाई, अक्का आणि आणखी चार जणी माझ्या मागून घरात आल्या. आपल्याकडे चपला घालून कोण घरात येतो? सगळ्यांनी त्या पुढच्या दारात काढल्या. मी त्यांना माजघरातून, स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत नेलं आणि परसात उतरवलं. सगळे अनवाणी कोब्यावर उभे राहिले आणि लगेच नाचायला लागले. भाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर. अक्का ओरडली, “पाय भुंजाई ग्यात मना!” मी घाई केली नाही. मी रोज त्या कोब्यावर कपडे वाळत घालते, माझ्या पायांना सवय आहे. मी सावकाश सगळं सांगितलं. वाफे, बी, दोन पानं, पातेलं. तुम्ही म्हणालात ते तुमच्याच शब्दांत सांगितलं.

दीर भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत सरकले आणि म्हणाले, “वहिनी, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये.”

मी म्हटलं, “गेलेल्या माणसाबद्दलच बोलतेय. तुमच्या भावाबद्दल. याच्या खाली त्यांनी खणलेले वाफे आहेत.”

जावेनं डोळ्याला पदर लावला, उन्हानं म्हणा किंवा कशानं म्हणा. दिरांनी खाली कोब्याकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. ते तेव्हा कॉलेजला बाहेर होते, आणि तुम्ही त्यांनाही सापच सांगितले असणार. जाताना दारात चपला घालत म्हणाले, “मी उद्याच माणूस पाठवतो. कोबा फोडून टाकू.”

“राहू द्या,” मी म्हटलं. “कुणी परत सासूबाईंचं नाव काढलं तर दाखवायला लागेल.”

भाऊ चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काही बायकाही कुजबुजल्या, आयतं फाटक घालवलं म्हणून, आणि सासूला मेल्यावरही सोडलं नाही म्हणून. खरंच आहे, सोडलं नाही. संस्थेच्या बाई मात्र म्हणाल्या, नावाशिवाय फाटक मिळालं तर घेऊ, नाहीतर बाभळीच्या फांद्या लावू. महिन्याभरात टेम्पो आला. फाटक होतं, तार होती, चिठ्ठी नव्हती. जावेचा फोन आला, “लावून घ्या, वहिनी. यांनी सांगितलंय, नाव काही नको.” मग पाटीवर काय लिहायचं, यावर बायकांची चर्चा झाली. शेवटी ऑइलपेंटचा डबा माझ्याच हातात आला. बालिष्टर म्हणायचात ना, त्याच बाईनं अक्षरं काढली. ‘इथं कुणाच्याही हातचं उगवतं.’ शेवटची अक्षरं जरा दाटीत बसलीत, पण रस्त्यावरून वाचता येतात. तुमचं नाव त्यात नाही आणि माझंही नाही. पण वाचणाऱ्यांतल्या निम्म्या बायकांना ते कुणाला उद्देशून आहे ते माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना अक्का सांगते.

हे सगळं मी तुम्हाला माफ करण्यासाठी लिहिलेलं नाही. माफ केलेलं नाही. कधी कधी वाटतं, तुम्ही एका दिवसासाठी परत यावं, त्या फाटकाशी उभं राहावं, आणि आत या असं मी म्हणेपर्यंत तुम्हाला बाहेर थांबावं लागावं. किती वेळ थांबवेन ते मी ठरवलेलं नाही.

कागद संपत आला. हे कुठं पाठवायचं नाही, पाठवायला जागा नाही. घडी घालून ठेवीन आणि मी गेल्यावर घर आवरणाऱ्या कुणाला तरी सापडेल, किंवा रद्दीत जाईल. पण एक गोष्ट लिहून टाकते. तुमच्या मोठ्या मुलाला मी इतक्या वर्षांत एक ओळही लिहिलेली नाही. आज सकाळी कागद घेऊन बसले ती त्यांनाच लिहायला, त्यांना बागेचं सांगायला. वर मायना काय लिहावा तेच सुचेना. दोनदा कागद ओला करून फेकला. मग तुमच्यावर राग काढायला घेतला आणि हात सरळ चालायला लागला.